पुढचा डावा खांदा

कोल्डहोप,
बुधवार, २२ एप्रिल १९५३

प्रिय रूबेन,

तुझं पार्सल आज सकाळच्या गाडीने पोचलं. आत निघालं ते असं: एक हॅम, अख्खा, कापडात शिवलेला, चहाचे दोन पुडे, पीचचा एक डबा, कडेला चेपलेला, मोठ्या मापाचं एक लोकरी बनियन, छातीला चोळायच्या मलमाची एक बाटली. तिकिटं कमी लावली होतीस. पोस्टमनने दाराशी एक शिलिंग चार पेन्स मागितले. ते मी दिले आणि वहीत तुझ्या नावावर मांडले. तुझ्या लहानपणी तुझ्या बुटांच्या टाचा किती वेळा बसवल्या तेही त्याच वहीच्या थोरल्या बहिणीत मांडलेलं आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. चहा ठेवून घेते, पीचही. बनियन आणि मलम परत पाठवते, त्यांचा आता इथे उपयोग नाही. हॅमचं पुढे लिहिते.

तार का केली नाही असं तुला वाटेल. तारेला शब्दागणिक पैसे पडतात, आणि मला जे बोलायचं आहे ते तारेत कोंबायचं म्हणजे घडाभर लोणी अंगुस्तानात भरायचं. हे पत्र उद्या पहाटेच्या गाडीने खाली जाईल, तिथून आगगाडीने सगळ्या डोंगराला वळसा घालून तुमच्या बाजूला येईल आणि देवाच्या मनात असेल तर उद्या दुपारच्या टपालाने तुझ्या हातात पडेल. वरच्या वाटेने मी स्वतः आणून दिलं असतं तर न्याहारी उरकून निघून जेवणवेळेला हॅरोगिलमध्ये तुझ्या दारात उभी राहिले असते. पाय अजून धड आहेत माझे. पण त्या वाटेवर फाटक आहे, फाटकाला कुलूप आहे, आणि कुलपाची चावी तुझ्या खिशात आहे. फाटकावर चढून पलीकडे उतरता मलाही येतं. पण जी वाट माझ्या सासूची, तिच्या सासूची, त्या वाटेवर मी चोरासारखी चढणार नाही. म्हणून एकाच डोंगराच्या दोन अंगांना राहणाऱ्या आपल्या माणसांना एकमेकांशी बोलायला आता आगगाडी लागते.

शनिवारी आम्ही त्या वाटेने हॅरोगिलला येणार आहोत. दहा वाजता आमच्या चॅपलच्या दारातून निघू. का ते सांगतेच, पण त्याआधी मला तुझ्यावर रागवायचं आहे. बरेच दिवसांचं राहिलं आहे ते.

मार्चमधला शाळेतला दिवस तू विसरला असशील तर मी आठवण करून देते. सरकारने जुन्या वाटांचा नकाशा करायला घेतला. जी वाट लोक पिढ्यान्‌पिढ्या कुणाला न विचारता चालत आले ती नकाशावर येणार आणि सगळ्यांना कायमची मोकळी राहणार. जिला कोणी साक्षीदार नाही ती जमिनीच्या मालकाची, म्हणजे इथे इस्टेटची. एवढीच गोष्ट. काउंटीचा अधिकारी मास्तरांच्या टेबलाशी बसून लिहून घेत होता. आम्ही सगळे पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो होतो, आणि एकाच्याही मनात शंका नव्हती. मथायस सुतार तर म्हणाला, 'अर्ध्या तासाचं काम आहे, सूप चुलीवर ठेवूनच आलोय.' मग दार उघडून तू आलास. इस्टेटचा हिरवा कोट, पितळी बटणं घासून चकचकीत केलेली. इस्टेटचा वकील तुझ्या मागे. आणि तू उभा राहून, बायबलवर हात ठेवून, म्हणालास की मी जन्माने कोल्डहोपचा, पंधरा वर्षं त्या माळाचा रखवालदार आहे, आणि इस्टेटच्या परवानगीशिवाय त्या वाटेने कुणी गेल्याचं मला आठवत नाही.

मथायस मागून ओरडला, 'मग याची आई काय उडत गेली हॅरोगिलला?' सगळे हसले. मी हसले नाही. अधिकाऱ्याने पेन्सिल आपटली. तेवढ्यात जोनस उठला. तुझा सख्खा भाऊ तुझ्यापासून चार पावलांवर उभा राहिला, बाकाची कड धरून. बोलायला तोंड उघडलं आणि खाणीतली सगळी वर्षं एकदम वर आली. खोकला, खोकला, नुसता खोकला. अधिकारी बरा माणूस असावा, म्हणाला, 'बसा आजोबा, पाणी घ्या.' आजोबा! चौसष्ट वर्षांचा माणूस तो. जोनस बसला. एक शब्द कागदावर चढला नाही त्याचा. आणि तू, रूबेन, तू आपल्या टोपीच्या आतलं अस्तर बघत होतास. इतकं काय लिहिलं होतं रे त्या अस्तरात?

आता मला विचारू दे. तुझी आई गेली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. मी नवी नवरी, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. कोल्डहोपला हातभर खणलं की खडक लागतो, म्हणून आपली माणसं हॅरोगिलच्या चॅपलमागच्या मातीत जातात, वरच्या वाटेने, सहा जणांच्या खांद्यावर. बॉक्स झुडपाच्या कोवळ्या हिरव्या डहाळ्यांचा वाडगा घरातल्या धाकट्याने धरून शवपेटीपुढे चालायचं, म्हणून वाडगा तुझ्या हातात होता. तुझी बोटं गारठली होती आणि तू तो खाली ठेवायला तयार नव्हतास. शिसं वितळवायच्या भट्टीचं जुनं धुराडं जिथे माळावर एकटं उभं आहे तिथला पहिला विसावा. तिथे पेटी सपाट दगडावर टेकवली, माणसांनी खांदे बदलले. मग दुसरा विसावा, अगदी माथ्यावर, जिथून दोन्ही गावं दिसतात. तिथे पेटी टेकवली तेव्हा तू वाडगा बगलेत धरून दुसरा हात पेटीवर ठेवलास आणि मला विचारलंस, 'वहिनी, आपण थांबलोय तेवढ्यात आई उठली तर चालेल ना?' पुढची सगळी उतरण मी तुला पाठीवर घेऊन उतरले. तुझं नाक माझ्या मानेवर गळत होतं. परवानगी कुणाची घेतली होती रे आपण त्या दिवशी? मी तर नव्हती घेतली. तू घेतली होतीस का, बाळा, आठ वर्षांचा असताना?

तुला भीती वाटली असेल तर ती मला कळते. भीतीला मी कधी नावं ठेवली नाहीत. शिशाचा भाव पडला, खाणीचं तोंड बंद झालं आणि या गावात घरामागून घर ओस पडत गेलं तेव्हा मी रोज रात्री घाबरूनच प्रार्थना करत होते. पण घाबरलेला माणूस गप्प बसतो. तू गप्प बसला असतास, आजारी पडला असतास, न्यूकॅसलला काम निघालं म्हणाला असतास, तर मी तुझ्या नावाने एक शब्द काढला नसता. तू बायबलवर हात ठेवून स्वतःच्या आईची वाट पुसलीस. जुनी मेर सरकवणाऱ्याबद्दल शास्त्रात काय म्हटलंय ते तुला पाठ आहे. रविवारच्या शाळेत मीच तुझ्याकडून पाठ करून घेतलंय, आणि नीट म्हटलंस म्हणून लिमलेटची गोळीही दिली होती.

जोनसने मात्र मला तुझ्याविरुद्ध बोलू दिलं नाही. शाळेतून घरी येताना तीन वेळा भिंतीला टेकून उभा राहिला, आणि तिसऱ्या वेळी दम मिळाला तसा म्हणाला, 'थर्झा, त्याच्या डोक्यावरचं छप्पर त्यांचं आहे.' मी म्हटलं, 'आणि आपल्या डोक्यावरचं कुणाचं आहे? गळतं म्हणून आपलं.' तर हसायला लागला आणि परत खोकला सुरू. अशा माणसाशी भांडता येत नाही. म्हणून मी सबंध महिना चूल घासली, खिडक्या पुसल्या, चॅपलचा पितळेचा दांडा इतका घासला की प्रचारक म्हणाले, 'मिसेस पिअर्ट, थोडा पुढच्या वर्षासाठी ठेवा.'

त्या भटक्या पोरांचं तुला नीट माहीत नसेल, कारण तू त्यांना फक्त कुलपाच्या पलीकडून पाहिलंस. दर शनिवारी बसने येतात, न्यूकॅसलहून, संडरलंडहून, आणि रविवारी परत जातात. जहाजाच्या गोदीतली पोरं, कचेरीतल्या मुली. पाठीवर पिशव्या, अंगात भावांच्या विजारी. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी पडदा लावून घेतला होता. रविवारी चॅपल सोडून डोंगर चढणारी मुलगी म्हणजे माझ्या मते वाया गेलेलीच. मग डोरीन नावाची एक मुलगी, वकिलाच्या कचेरीत टाइप करते ती, टाचेला बशीएवढा फोड घेऊन दारात आली. मी तिचे मोजे उलटे करून आतून साबण चोळून दिला, आपल्या खाणवाल्यांना सोमवारी निघताना देत होतो तसा. पुढच्या शनिवारी सगळा घोळकाच मोजे हातात घेऊन अंगणात उभा! तेव्हापासून चहा आणि स्कोन, माणशी तीन पेन्स, साबण फुकट.

जोनस त्यांना वर न्यायचा. दम होता तोवर माथ्यापर्यंत, मग धुराड्यापर्यंत, मग गेल्या उन्हाळ्यात आमच्या वरच्या भिंतीपर्यंतच. तिथून काठीने दाखवायचा: ती हिरवी घळ दिसते ना, ती देवाने नाही केली, माझ्या आजाने पाणी अडवून आणि एकदम सोडून केली, शिसं उघडं पडावं म्हणून. त्या पडक्या भिंती म्हणजे आमचा मुक्काम, आठवडाभर वर राहायचो, एका बाकावर चौघं, आणि एकाचा बूट दुसऱ्याच्या नाकाशी. आणि तिथे ते बुजवलेलं भोक, तिकडे जाऊ नका, वरचं लाकूड कुजलंय, मी सांगतोय म्हणून ऐका, मला परत खाली उतरायचं नाही. पोरं हसायची. नॉर्मन म्हणून गोदीतला एक दांडगा मुलगा आहे, तो म्हणाला, 'मिस्टर पिअर्ट, तुम्ही आमच्यासारखं डोंगर बघायला कधी वर जात होता का?' जोनस म्हणाला, 'आम्ही डोंगराच्या आत होतो रे. बाहेरून कसा दिसतो ते तुमच्यामुळे कळलं.' खाण बंद पडल्यापासून हा माणूस चुलीशी पाठ करून बसत होता. त्या पोरांनी त्याला खुर्चीतून उठवला. तुझं कुलूप लागलं आणि परत बसला.

ते कुलूप त्याने पाहिलं, ठाऊक आहे का तुला? पोरांनी सांगितलं तेव्हा विश्वास बसेना, म्हणून ऑगस्टमध्ये नॉर्मनच्या खांद्याचा आधार घेत वर गेला. जाऊन यायला सगळा दिवस लागला. तुझा नवा हाताखालचा मुलगा तिथे बंदूक घेऊन उभा होता, म्हणाला, 'आजोबा, हा खाजगी माळ आहे.' जोनसने कुलूप हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, हिसडून पाहिलं आणि म्हणाला, 'हे आमच्या रूबेनचंच. चावी दोनदा फिरवतो. लहानपणी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा दोनदा लावायचा, कोल्हा येईल म्हणून.' घरी येऊन मला हे अभिमानाने सांगितलं. अभिमानाने!

आणि दगड, रूबेन. दगडाचं मला डोरीनने सांगितलं, जोनसला अखेरपर्यंत कळू दिलं नाही. माथ्यावरचा दुसऱ्या विसाव्याचा दगड जागेवर नाही. फाटकाच्या पलीकडे शिकारीला येणाऱ्या साहेबांच्या जेवणाची जी लाकडी झोपडी बांधली आहेत, तिच्या दाराशी तो बाक म्हणून ठेवलाय. डोरीनने डोळ्याने पाहिलं: त्यावर मोहरीची बाटली, सँडविचचे कागद आणि मारलेले पक्षी ओळीने मांडलेले. ज्या दगडावर तू हात ठेवून उभा होतास. मला ते ऐकल्यावर कणीक मळता येईना. मी हात धुऊन मागच्या अंगणात गेले आणि कोंबड्यांना असं काही बोलले की शेजारची म्हणाली, 'थर्झा, चॅपलवाली ना तू?' तो दगड उचलायला किमान चार माणसं लागली असतील. त्यातला एक तू होतास का? याचं उत्तर नको पाठवूस. मला ऐकायचं नाही.

आता का ते लिहिते.

शाळेतल्या त्या दिवसानंतर जोनस घरातला जिनाही चढला नाही. त्याच्यासाठी एकेरी पलंग मी खाली चुलीशेजारी मांडला. गेल्या शनिवारी डोरीन आणि नॉर्मन भेटायला आले. जोनस डोरीनला म्हणाला, 'तू वकिलाकडची ना, मग ऐक. जिथून मैत गेली ती वाट कुणाला बंद करता येत नाही. माझ्या बापाने सांगितलंय, त्याला त्याच्या बापाने. तेव्हा मी गेलो की मला वरून न्या. पुढे नकाशावर काय काढायचं ते काढू देत.' डोरीनचा चेहरा उतरला. खरं बोलणारी मुलगी आहे. म्हणाली, 'मिस्टर पिअर्ट, मी साहेबांना विचारलंय. सगळे असं म्हणतात, पण कायद्यात असं कुठेच नाही. पेटी गेल्याने वाट होत नाही.' जोनस उशीवर सरकून तिच्याकडे वळला. मग म्हणाला, 'कायद्याने कधी कुणाला खांदा दिलाय का पोरी? नाही ना? मग त्याला कसं ठाऊक असेल.' डोरीन रडायला लागली आणि नॉर्मन उगाच चुलीत कोळसे घालत बसला. चांगले कोळसे, नको असताना.

मलाही ठाऊक आहे रे, कायद्यात नाही ते. मी शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली बाई आहे, चॅपलचे हिशेब ठेवते, कागदाची किंमत मला कळते. पण तुझ्या आईला नेलं तेव्हा कागद नव्हता आणि ती पोचली.

ती दोघं गेल्यावर जोनसने मला जवळ बसवून कोण कुठे ते सांगितलं. मथायसचे दोन मुलगे मागे. नॉर्मन आणि त्याचा मित्र मध्ये. पुढे उजवीकडे मास्तर, उंचीला बरोबर आहेत. मी विचारलं, 'आणि पुढचा डावा?' तो खांदा रक्ताच्या माणसाचा, हृदयाकडचा, हे तुला सांगायला नको. म्हणाला, 'तो आपल्या पोराला ठेव.' मी म्हटलं, 'त्या हिरव्या कोटाला? त्यापेक्षा मी डोरीनला लावीन, विजार घालून!' तर म्हणाला, 'डोरीन बुटकी आहे, मी कलंडेन.' मी चिडून उठले तर मनगट धरलं. धरायला जोर नव्हता, नुसती बोटं ठेवली. 'थर्झा, तो येणार नाही असं तू ठरवू नकोस. विचार त्याला. तू विचारल्याशिवाय जागा भरायची नाही. शब्द दे.' आयुष्यभर त्याने माझ्याकडे शब्द असा मागितला नव्हता. मी दिला.

काल, मंगळवारी, सकाळचा चहा अर्धा घेऊन तो गेला. बाहेर माळावरचे पक्षी एकसारखी शीळ घालत होते. खिडकी उघडी ठेव म्हणाला होता, ती उघडी होती. मथायस आज पेटीला रंधा मारतो आहे, मला लिहिता लिहिता इथपर्यंत ऐकू येतं. आणि त्या आवाजात पोस्टमन तुझं पार्सल घेऊन आला. हॅमचं लिहायचं राहिलं होतं. आपल्याकडे जित्या माणसाला अख्खा हॅम कुणी पाठवत नाही. अख्खा हॅम कापतात तो मैताच्या चहाला, आणि ज्याच्या मागे हॅम कापला त्याला नीट पोचवला असं आपली माणसं म्हणतात. आयव्हीने बांधून दिला असेल, तुझी बायको किनाऱ्याकडची, तिला कुठून कळणार. पण गाठ तुझी आहे, दुहेरी. तुला कळायला हवं होतं. की हाताला आधी कळलं आणि तुला नंतर? असो. रेशनच्या दिवसांत एवढा हॅम मी फेकणार नाही. शनिवारी हॅरोगिलच्या चॅपलमध्ये तोच कापू. सगळ्यांना सांगेन की भावाने पाठवला. खोटं मी बोलत नाही, आणि हे खोटं नाही.

तेव्हा विचारते. माझ्या मनाने नाही विचारत. माझ्या मनात असतं तर तुला शनिवारनंतर कळवलं असतं. त्याला शब्द दिला म्हणून विचारते. बाराच्या सुमारास आम्ही फाटकाशी पोचू. पेटी फाटकावरून उचलून न्यायची नसते, तुला ठाऊक आहे. वरून उचललेला माणूस पोचत नाही, घुटमळतो. आरपार न्यावी लागते, पाय पुढे करून. तोवर डाव्या बाजूला पुढे मथायस स्वतः लागेल, सत्तरीचा आहे, फाटकापर्यंतच झेपेल म्हणालाय. तिथून पुढे ती जागा रिकामी. विसावा आम्ही साहेबांच्या झोपडीच्या दाराशी घेऊ, कारण दगड तिथे आहे. त्या दिवशी मोहरीची बाटली उचलून ठेवायला सांग.

चावी घेऊन ये. हिरवा कोट घालू नकोस. साक्ष बदल, माफी माग, असं मी सांगत नाही. ते तुझं आणि देवाचं आहे, आणि माझा राग या पत्राने कमी झालेला नाही. आलास तर इस्टेट तुझं घर काढून घेईल, हे मला कळतं. कालपासून तेही मनात घोळवते आहे. इथे वरच्या खोलीत दुहेरी पलंग रिकामा आहे, छप्पर एका कोपऱ्यात गळतं, बादली ठेवावी लागते. आयव्हीचे गुडघे जिना चढतील का ते तुम्ही बघा. भाडं घेणार नाही, कोळशाचा अर्धा वाटा घेईन.

आला नाहीस तर आम्ही फाटकाशी पेटी खाली ठेवून उभे राहू. जागा भरणार नाही, शब्द दिलाय. थंडी वाजली तरी उभे राहू. बॉक्सच्या डहाळ्यांचा वाडगा या वेळी पेटीपुढे मीच धरणार आहे, घरात धाकटं कुणी उरलेलं नाही. येतोस की नाही ते उलट टपाली कळव. एक शब्द लिहिलास तरी पुरे. आणि या वेळी तिकीट पुरतं लाव.

तुझीच,
थर्झा वहिनी